आधी पत्ता सांग

शिर्डीवर रचलेल्या गाण्यांची मोजदाद कुणी केलेली नाही, आणि करायला बसलं तरी ती पुरी व्हायची नाही. १९७७ या एकाच वर्षात ‘शिर्डी के साईबाबा’ हा सिनेमा आला आणि ‘अमर अकबर अँथनी’तली कव्वालीही आली. त्यापुढे कॅसेट, सीडी, मोबाइल अशा प्रत्येक जमान्यात मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ, गुजराती भजनांची भर पडत राहिली. मी या गावात वाढलो, त्यामुळे त्यांतली पुष्कळशी कानावरून गेली आहेत. न ऐकण्याची सोय गावात नव्हतीच. या गाण्यांत शिर्डीला येणारा माणूस आहे. तो दमलेला आहे, नवस बोललेला आहे, रडतो आहे, नाचतो आहे. शिर्डीत राहणारा माणूस मात्र त्यांत मला सापडला नाही. लॉजच्या चादरी धुणारा, पहाटे हारांची टोपली उचलणारा, नगर-मनमाड रस्त्यावर परगावच्या गाडीमागे मोटरसायकल दामटत ‘रूम आहे, पार्किंग आहे’ असं ओरडणारा (गावात याला ‘पॉलिशवाला’ म्हणतात), यांच्यापैकी कुणीही कुठल्या कडव्यात नाही. गाण्यातली शिर्डी हे पोचायचं ठिकाण आहे. तिथून कुणी बोलत नाही.

हे माझ्या ध्यानात आलं ते रॅप ऐकून. लहानपणापासून आजपर्यंत जे हिपहॉप ऐकलं, त्या ऐकण्याचं हे पुस्तक. जाणकारांसाठी ते नाही; जाणकारांना यातला इतिहास तोंडपाठ असेल. ज्यांच्या घरात मुलगा किंवा पुतणी कानात बोळे घालून मान हलवत बसते आणि ‘हे काय गाणं आहे का?’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ते आहे. प्रश्न रास्त आहे. सूर कमी, शब्द फार, आणि शब्दही धड कळत नाहीत. मग लाखो पोरं यात काय ऐकतात?

या संगीताचा इतिहासच मुळी घर नंबरानं सुरू होतो: १५२०, सेजविक अव्हेन्यू, ब्रॉंक्स, न्यू यॉर्क. ११ ऑगस्ट १९७३ रोजी या इमारतीतल्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून तिकीट लावून पार्टी ठेवली. गाणी वाजवायला भाऊ होता, क्लाइव्ह. कुटुंब जमैकातून आलेलं, आणि जमैकात भल्यामोठ्या स्पीकरांच्या भिंती रस्त्यावर आणून वाजवायची पद्धत होती. हा भाऊ म्हणजेच डीजे कूल हर्क. त्यानं हेरलं होतं, की गाण्यात गाणारा थांबतो आणि नुसते ढोल वाजत राहतात, त्या चार-सहा सेकंदांत नाचणारे पेटतात. तेव्हा एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तोच तुकडा आलटूनपालटून लांबवत नेऊ लागला. त्या लांबलेल्या तुकड्यावर कुणीतरी माइक घेऊन बोलायला लागलं आणि त्या बोलण्याचं पुढे रॅप झालं. भाड्याच्या घरांची ती वस्ती तेव्हा मोडकळीला आली होती, इमारती जळत होत्या, शहरानं तिच्याकडे पाठ फिरवली होती. अशा जागी राहणाऱ्यानं माइक मिळताच आधी आपलं नाव आणि आपली गल्ली सांगितली, यात नवल नाही.

मला यातलं काही ठाऊक असण्याच्या कितीतरी आधी माझा कान तयार झाला होता, आणि तो तयार केला मंदिराच्या कर्ण्यांनी. काकड आरती, माध्यान्ह आरती, धूपारती, शेजारती. दिवसाचे चार प्रहर ज्या गावात गाण्यानं मोजले जातात तिथल्या पोराला शब्दांचा अर्थ नंतर कळतो; आधी कळतो त्यांचा ठेका, कुठे श्वास घ्यायचा, कुठे सगळ्यांनी एकदम पडायचं. ही आरती कृष्णराव जागेश्वर भीष्म यांच्या ‘सगुणोपासने’तली. तिच्यात त्यांच्या आणि दासगणूंच्या रचना आहेत, जोडीला तुकोबांसारख्या संतांचे अभंगही. मंदिराभोवतीच्या दुकानांत तिची पुस्तकं मिळतात. त्यांतलं एक लहानपणी माझ्या हातात आलं आणि मी चक्रावलो. अक्षरं सगळी गोल गोल. वाचता येईना. दुकानदार हसून म्हणाला, “अरे, मराठीच आहे, लिपी तेवढी तेलुगू.” आंध्र-तेलंगणातले भाविक आपल्या गावच्या साईमंदिरात मराठी आरती अशी म्हणतात. एकेका शब्दाचा अर्थ विचाराल तर पुष्कळांना सांगता येणार नाही, पण जोडाक्षराला अडखळत नाहीत, ठेका चुकत नाहीत, आणि डोळ्यांतलं पाणी खरं असतं.

या पुस्तकाचा अर्धा ऐवज मला त्या गोल अक्षरांत सापडला. कारण दहावीच्या सुमाराला मी नेमकं हेच करत होतो, उलट्या दिशेनं. अमेरिकन रॅपर एमिनेमची गाणी वहीच्या मागच्या पानांवर देवनागरीत उतरवून काढायचो. इंग्रजीचा तास वेगळा आणि ही वही वेगळी. दोन्हींतली भाषा एकच आहे असं कधी वाटलं नाही. त्याचं डेट्रॉइट कुठल्या दिशेला हे माहीत नव्हतं. पण एका श्वासात किती अक्षरं बसतात, यमक ओळीच्या शेवटी न ठेवता मध्येच कसं पेरतात, हे जिभेला कळलं होतं. मान हलवणाऱ्या पोराला शब्द कळत नाहीत म्हणून जे हसतात, त्यांनी काकड आरतीला एकदा तेलुगू भाविकांच्या रांगेत उभं राहून पाहावं.

पहिलं रॅप कुठलं, असं विचारतात. माझ्या पिढीचं ठरलेलं उत्तर म्हणजे बाबा सहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’, १९९२. तेही ऐकलं, गंमत वाटली, विसरलो. खरा धक्का बसला तो पार्किंगमध्ये. आंध्रातून आलेल्या यात्रेच्या बसमध्ये ड्रायव्हरनं ‘प्रेमिकुडु’ची कॅसेट लावली होती. रेहमानच्या ‘कादलन’चा हा तेलुगू अवतार, हिंदीत तोच सिनेमा ‘हमसे है मुकाबला’ म्हणून आला. त्यातलं ‘पेट्टै रॅप’ लागलं. भांडल्यासारखं बोलणं, भाजीबाजारातल्यासारखं, आणि खाली ढोल. आम्हा पोरांना एक शब्द कळत नव्हता. ड्रायव्हर बसच्या पायरीवर बसून चहा पीत होता आणि आम्ही खिडकीखाली नाचत होतो. म्हणजे अमेरिकेची ही चीज शिर्डीत माझ्यापर्यंत पोचली ती मुंबईहून किंवा टीव्हीवरून नव्हे, दक्षिणेकडच्या भाविकांच्या गाडीतून. तीर्थक्षेत्राचा हा एक फायदा असतो. लोक काय काय घेऊन येतात.

टीव्ही नंतर आला, लॉजच्या रिसेप्शनवरचा, केबलचा. २००२ साली त्यावर ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ नावाचं गाणं लागू लागलं. गायिका ट्रुथ हर्ट्स, मध्ये रॅप करणारा राकिम, आणि मागून येणारा आवाज चक्क लता मंगेशकरांचा! १९८१च्या ‘ज्योति’ सिनेमातलं ‘थोडा रेशम लगता है’, संगीत बप्पी लाहिरींचं. डीजे क्विक या निर्मात्यानं टीव्हीवर ते ऐकलं, उचललं आणि त्यावर गाणं बांधलं. श्रेय कुणालाच नाही. प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय विक्री करायची नाही असा आदेश निघाला. रिसेप्शनवर बसणारे काका एरवी असल्या गाण्यांना तोंड वाकडं करायचे. त्या गाण्याला मात्र आवाज वाढवायचे. ‘आपल्या दीदी आहेत’ म्हणून. जुन्या गाण्याचा तुकडा असा उचलून वापरणं, म्हणजे सँपलिंग, ही चोरी की आठवण, यावर पुढे एक अख्खं प्रकरण आहे. माझं मत तिथे सविस्तर आहे, पण थोडक्यात: श्रेय आणि पैसे दिले नाहीत तर ती चोरीच, गाणं कितीही गोड लागो.

मग एमपीथ्रीच्या सीड्या आल्या, आणि त्यानंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायचे दिवस. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर ‘इंग्लिश रॅप’ नावाचं एक फोल्डर असे आणि त्यात टूपॅक, बिगी, फिफ्टी सेंट आणि अ‍ॅकॉन एकाच पंगतीला. कोण कुठला, कोण कधी मेला, काही पत्ता नाही. टूपॅक १९९६मध्ये आणि बिगी १९९७मध्ये गोळ्या लागून गेले हे मला त्यांची गाणी पाठ झाल्यावर कळलं.

त्या काळात पाहिलेल्या ‘एट माइल’ या सिनेमाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. २००२चा हा सिनेमा, एमिनेमनं स्वतः काम केलेला, आणि नाव डेट्रॉइटमधल्या एका रस्त्याचं. शेवटी रॅपचा सामना आहे. नायकाची पहिली पाळी. तो समोरच्याला शिव्या घालण्याऐवजी स्वतःचीच सगळी लाज आधी मांडून टाकतो: मी गरीब गोरा, आईजवळ पत्र्याच्या फिरत्या घरात राहतो, माझी मैत्रीण मला फसवून गेली. आणि मग सांगतो, की हा समोरचा गुंड म्हणवणारा मुळात महागड्या खासगी शाळेत शिकलेला, चांगल्या घरचा. समोरचा गप्प. त्याच्याकडे बोलायला काही उरतच नाही. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला. सामना यमकांवर जिंकलेला नव्हता. एकानं आपला पत्ता खरा सांगितला होता आणि दुसऱ्याचा खोटा पकडला होता.

हे ऐकलं की आपल्याकडचे जाणते लगेच म्हणतात, ‘यात नवीन काय, आपल्याकडे कलगी-तुरा होता, सवाल-जवाब होते, पोवाडा म्हणजे रॅपच.’ जत्रेतला तमाशा मी पाहिला आहे आणि सवाल-जवाबाला उसळणारा फडही. चुरस तीच, खुमखुमी तीच. पण पोवाडा म्हणजे रॅप हे मला पटत नाही. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो. तो स्वतः बाजूला उभा असतो. लावणीत ‘मी’ आहे, पण तो बाईचा आणि लिहिणारा बहुधा बुवा. नाथांच्या भारुडातला ‘मी’ मुखवटा घालून येतो. रॅपमधल्या ‘मी’ला स्वतःचं नाव, स्वतःची गल्ली आणि स्वतःची उधारी असते. आपल्या परंपरेत याच्या जवळ जाणारी गोष्ट शोधायची तर ती अभंगाच्या शेवटी आहे. ‘तुका म्हणे.’ बोलणारा कोण आहे हे गाण्यातच सांगून त्या बोलण्याची जबाबदारी घ्यायची. काकड आरतीत ती सही मी रोज ऐकत होतो आणि पुढे रॅपर स्वतःचं नाव कडव्यात घेतो तेव्हा मला ते आगाऊपणाचं वाटलं नाही, याचं कारण बहुधा तेच. अण्णा भाऊंची मुंबईवरची लावणीही या घराण्यातली; शहर पाहायला आलेल्याची ती नाही, त्या शहरात घाम गाळलेल्याची आहे.

आमच्या जिल्ह्याची याबाबत एक मजेशीर खोड आहे. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) मोठे लावणीकार. त्यांना अहिल्याबाई होळकरांनी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळवलं अशी आख्यायिका आहे. जिल्ह्याला आता त्याच अहिल्याबाईंचं नाव आहे. पुढे शंभरेक वर्षांनी गणपतराव सहस्रबुद्धे नावाचे पोलीस, लावण्या रचायचा आणि तमाशाचा नाद असलेले, साईबाबांच्या सहवासात बदलले आणि दासगणू महाराज झाले. शिर्डीचं नाव मुंबईपर्यंत गेलं ते मोठ्या प्रमाणात त्यांच्या कीर्तनांनी. मौज अशी, की खुद्द बाबा तरुणपणी तकियात पायांत घुंगरू बांधून नाचत-गात असत, असं ‘साईसच्चरिता’तच लिहिलेलं आहे. पण आमच्याकडे कुणी चांगलं रचू लागला की त्याला भजनाकडे वळवावं असं चारचौघांना वाटतंच. हे मी इथे उगाच सांगत नाही. शेवटच्या प्रकरणात त्याची गरज पडते.

पुण्याला नोकरीसाठी गेल्यावर ऐकण्याला शिस्त आली. इंटरनेट हाताशी होतं आणि शब्द समोर लिहिलेले मिळत होते. एकेक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची सवय तिथे लागली. नासचा ‘इलमॅटिक’ (१९९४) ऐकताना क्वीन्सब्रिज नावाची सरकारी चाळींची वस्ती मला पुण्यातल्या ताडीवाला रोडइतकी ओळखीची झाली. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचं १९८२चं ‘द मेसेज’ हे वस्तीची अशी हकिगत सांगणारं पहिलं गाजलेलं गाणं. त्यानंतर पब्लिक एनिमी, एनडब्ल्यूए हे गट. पौगंडात नुसत्या ठेक्यावर भाळून जी गाणी पाठ केली होती त्यांतल्या काहींचा अर्थ आता कळला आणि बायकांबद्दल त्यांत जे बोललं होतं ते पुन्हा म्हणवेना. त्या गाण्यांची बाजू मी या पुस्तकात घेतलेली नाही. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर लॉरिन हिल या रॅपर-गायिकेचा १९९८चा अल्बम ऐकल्यावर टिकत नाही. काळ तोच होता. आपल्याकडे महादेव कोळी समाजातली ‘माही जी’ ही रॅपर मराठीत जे रॅप करते, ते ऐकल्यावरही टिकत नाही.

आणि मग आपली पोरं आली. नेझीचं ‘आफत’ २०१४चं, आयपॅडवर चित्रित केलेलं, कुर्ल्यातलं. डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा, २०१५मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’. धारावीतल्या डोपअ‍ॅडेलिक्झची गाणी २०१८मध्ये रजनीकांतच्या ‘काला’त गेली. एमसी स्टॅन पुण्यातल्या ताडीवाला रोडचा. स्टेशनला उतरून मी त्या रस्त्यावरून किती वेळा गेलो असेन, पण तो रस्ता मला त्याच्या गाण्यांनंतर दिसला. २०१९चा ‘गली बॉय’ मला आवडला, तरी त्यात सगळं जरा धुऊन-पुसून ठेवलं आहे असं वाटत राहिलं. त्याच वर्षीचं स्वदेशी या गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ ऐकावं. मुंबईच्या आरेतले आदिवासी प्रकाश भोईर त्यात गातात. मेट्रोची कारशेड ज्या जंगलात यायची होती, त्याच जंगलातून. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे १००आरबीएच, वऱ्हाडी लहेजा न सोडता रॅप करतो तेव्हा प्रमाण मराठीला घाम फुटतो, आणि ते ऐकायला मला फार आवडतं.

कुर्ला, अंधेरी, धारावी, ताडीवाला रोड, आरे, अमरावती. ही यादी वाढत गेली तसा एक प्रश्न छळू लागला, तो या प्रस्तावनेच्या आरंभी मांडला आहे. शिर्डी कुठे आहे?

उत्तराची चाहूल लागली २०२०मध्ये. १७ मार्चला मंदिर दर्शनासाठी बंद झालं ते दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झालं ते थेट ऑक्टोबरमध्ये घटस्थापनेला उघडलं. मी तेव्हा घरून काम करायला गावी आलो होतो. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच गावात फक्त गावातली माणसं होती. हारवाले, पेढेवाले, रिक्षावाले, लॉजवाले, सगळे ओट्यावर. ‘भोजनम्’ लिहिलेल्या पाट्यांखाली शटर. विमानतळ झाला, समाधीची शताब्दी झाली, गाव फुगत चाललं होतं आणि अचानक कुणी येणारच नव्हतं. मग इथे राहणारे कोण, हे आम्ही एकमेकांकडे बघून मोजत होतो. त्या रिकाम्या महिन्यांत कनकुरी रोडच्या बाजूला एका बंद लॉजच्या तळमजल्यावर चारपाच पोरं मोबाइलवर रॅप रेकॉर्ड करत असत. गाद्या भिंतीला टेकवून स्टुडिओ केलेला. बीट यूट्यूबवरून फुकट उतरवलेलं. त्यांच्यात एक रूमबॉय होता, एक मोबाइल दुरुस्त करणारा, आणि एक पॉलिशवाला, जो कुठल्याही राज्याच्या भाविकाशी त्याच्या भाषेतली दहा वाक्यं बोलू शकत असे. त्याच्या कडव्यात मराठी, हिंदी आणि मोडकी तेलुगू एकाच ओळीत येत होती. ती कसरत नव्हती. तो दिवसभर बोलतच तसा असतो.

या पोरांची नावं मी पुस्तकात दिलेली नाहीत. तशी त्यांनीच अट घातली. गाण्यांच्या ओळीही कुठल्याच दिलेल्या नाहीत, त्यांच्या नाहीत आणि एमिनेमच्याही नाहीत. छापलेलं रॅप वाचून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. प्रकरण वाचायच्या आधी त्यातली गाणी शोधून ऐकावीत. शिव्या आहेत, तेव्हा कुणासमोर लावायची ते आपलं आपण ठरवावं.

शेवटचं प्रकरण त्या पोरांच्या एका भांडणावर आहे. गाणं तयार झालं तेव्हा घरच्यांचं म्हणणं पडलं, की शेवटी बाबांचं नाव घ्या, लोक बघतील, दुकानातही लावता येईल. रूमबॉयलाही ते पटत होतं. पॉलिशवाला अडून बसला. बाबांवर त्याची श्रद्धा कमी नाही; दर गुरुवारी तो पालखीला असतो. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की बाबांवर गाणारे सगळ्या देशातून येतात, आपल्या गल्लीवर कोण गाणार? दोन्ही बाजू मी जशा ऐकल्या तशा लिहिल्या आहेत. निकाल लागलेला नाही. गाण्याच्या दोन प्रती त्यांच्या मोबाइलमध्ये आहेत, एक नाव घेतलेली आणि एक न घेतलेली, आणि कुठली टाकायची यावरून वाद अजून चालू आहे.